दुकानात चालतो, घरी आला की रिस्टार्ट होतो: पीसीच्या जुनाट दुखण्याचा माग

पीसी चालू आहे, काम रंगात आलंय आणि एकदम स्क्रीन काळी. निळी स्क्रीन नाही, कसला मेसेज नाही. दोन-चार सेकंदांनी पंखा परत घुमतो, मदरबोर्डचा लोगो येतो आणि विंडोज पहिल्यापासून सुरू. सेव्ह न केलेलं काम गेलं. दिवसातून एकदा, कधी तीनदा, कधी दोन दिवस काहीच नाही. उचलून दुकानात न्यावा तर तिथं तीन दिवस अखंड चालतो. घरी आणून लावला की संध्याकाळच्या आत परत तेच.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं पीसी दुरुस्त करतो. या एका तक्रारीवर लोकांचे जेवढे पैसे वाया जाताना पाहिलेत तेवढे दुसऱ्या कुठल्याच तक्रारीवर नाहीत. रॅम बदलली, एसएसडी बदलली, विंडोज दोनदा टाकलं, शेवटी मदरबोर्डही नवा घेतला, तरी रिस्टार्ट आहेच, अशी माणसं येतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. दुकानात नीट चालणारा पीसी घरी बंद पडत असेल तर पीसीत काय बिघडलंय हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं की दुकानात आणि घरी फरक कशाकशाचा आहे. लाइट वेगळी, प्लग वेगळा, यूपीएस वेगळा, टेबल वेगळं, खोलीतली धूळ वेगळी. पीसी मात्र तोच.

उद्यमनगरातल्या मामांचा पीसी

शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या वर्कशॉपांच्या भागात, एक मामा डीटीपीचं, म्हणजे छपाईचा मजकूर जुळवायचं, काम करतात. लग्नपत्रिका, बिलबुकं, आसपासच्या वर्कशॉपवाल्यांची लेटरहेडं. ऐन लग्नसराईत त्यांचा फोन आला. "बाळा, परत बंद पडलं बघ. पत्रिका जुळवून होत आली होती. तिसरा माणूस बघून गेला, आता काय करू सांग."

तोवर त्यांच्या पीसीत नवी रॅम बसली होती, नवी एसएसडी लागली होती आणि विंडोज दोनदा टाकून झालं होतं. काढलेली जुनी रॅम मामांनी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. मी ती माझ्याकडच्या पीसीत घालून रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, चालवली. एकही एरर आली नाही. ज्यानं ती बदलली त्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या टेबलावर पीसी बंदच पडत नव्हता, मग त्यानं अंदाजानं एक पार्ट बदलला. पण त्या अंदाजाचे पैसे मामांच्या खिशातून गेले.

बंद पडण्याची जात ओळखा

"बंद पडतो" या दोन शब्दांत चार वेगवेगळे आजार बसतात. निळी स्क्रीन येऊन रिस्टार्ट होणं वेगळं, माउस गोठून सगळं जागच्या जागी थिजणं वेगळं, बंद होऊन बंदच राहणं वेगळं आणि लाइट गेल्यासारखं पटकन बंद होऊन आपोआप चालू होणं वेगळं.

निळी स्क्रीन कधीकधी इतकी झटकन जाते की दिसतच नाही. म्हणून पहिलं काम हे करा: विंडोजच्या सर्चमधून अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज उघडा, स्टार्टअप अँड रिकव्हरीमध्ये जा आणि "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट" समोरची टिक काढून टाका. आता निळी स्क्रीन आली तर ती समोर थांबून राहील आणि तुम्हाला मोबाइलवर तिचा फोटो काढता येईल. टिक काढूनही पीसी तसाच झपकन रिस्टार्ट होत असेल, तर विंडोजला काही कळायच्या आत वीज तुटतेय अशी दाट शंका घ्यायची.

दुसरा पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतो. सर्चमध्ये नाव टाकून उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. तिथं लाल खुणेची कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१ अशी नोंद दिसेल. लोक ही नोंद बघून घाबरतात आणि "कर्नल खराब झालाय" म्हणून विंडोज परत टाकायला निघतात. तसं काही नाही. या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी रीतसर शटडाउन न होता बंद झाला. ही नोंद बंद पडताना होत नाही, परत चालू झाल्यावर होते. तिच्या डिटेल्समध्ये बगचेककोड बघा. तिथं शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर निळी स्क्रीन येऊन गेली आहे आणि शोध ड्रायव्हर, रॅम, डिस्क या दिशेनं जातो. शून्य असेल तर विंडोजला कारण लिहायला वेळच मिळाला नाही. त्याच यादीत पॉवरबटनटाइमस्टॅम्प असतो. तो शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरून पीसी बंद केला होता. घरात लहान मुलं असतील तर हेही बघून घ्या. आणि इव्हेंट १०७४ दिसला तर तो रीतसर रिस्टार्ट आहे, बहुतेक अपडेटनं केलेला. त्यासाठी काहीच दुरुस्त करायचं नसतं.

मामांच्या पीसीत ४१ च्या ओळीच ओळी होत्या आणि प्रत्येकीत बगचेककोड शून्य.

वही

मी मामांना एक काम दिलं. पीसीशेजारी वही ठेवायची आणि बंद पडला की तारीख, वेळ आणि त्या क्षणी आजूबाजूला काय चाललं होतं ते लिहायचं. पंखा मंद झाला का, ट्यूब लुकलुकली का, यूपीएस वाजला का, शेजारी काही चालू झालं का. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पीसी परत उठल्याची वेळ मिळते, पण ट्यूब लुकलुकलेली त्याला माहीत नसते.

दहा दिवसांनी वही बघितली. मामांचं अक्षर सुरेख, कंपोझिंगवाल्या माणसाला शोभेल असं. दहा दिवसांत चौदा नोंदी. मधल्या सोमवारी एकही नाही, आणि त्या दिवशी मामा सकाळपासून रात्रीपर्यंत कामाला बसले होते. सोमवारी शेजारच्या वर्कशॉपला सुट्टी असते. उरलेल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काही नाही, आणि सुट्टी संपली की पाच-दहा मिनिटांत हमखास एक नोंद. तीन ठिकाणी मामांनी पुढं लिहिलं होतं: "यूपीएस टक् वाजला, मग गेला."

भिंतीपलीकडं वर्कशॉपचा हवेचा कॉम्प्रेसर होता.

कॉम्प्रेसर चालू होतो तेव्हा

पाच एचपीची थ्री फेज मोटर चालताना साधारण सात-साडेसात अँपिअर घेते. पण बंद अवस्थेतून थेट चालू होताना ती त्याच्या पाच ते सातपट करंट ओढते. तेवढा क्षण त्या लाइनवरचं व्होल्टेज खाली बसतं. आपल्याला ट्यूब किंचित मिचकावल्यासारखी दिसते, बस्स. कॉम्प्रेसरच्या टाकीतली हवा कमी झाली की प्रेशर स्विच मोटर चालू करतो, भरली की बंद करतो. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे एकदम हवा वापरायला लागले की मोटर सुरू. वहीतल्या वेळा त्याच्याशी जुळत होत्या.

मी वर्कशॉपच्या मालकांना भेटलो. चांगला माणूस, लगेच दाखवायला आले. कॉम्प्रेसर बंद होताना "फुस्स" असा आवाज यायला हवा. मोटर थांबली की प्रेशर स्विचजवळचा अनलोडर व्हॉल्व्ह पंपाच्या डोक्यातली दाबलेली हवा सोडून देतो, त्याचा तो आवाज. त्यामुळं पुढच्या वेळी मोटर मोकळी सुरू होते. यांच्या कॉम्प्रेसरला तो आवाज येतच नव्हता. मोटर दर वेळी दाबाच्या विरुद्ध उठत होती, गुरगुरत, जास्त वेळ जास्त करंट खात. त्यांनी काही दिवसांनी व्हॉल्व्ह बदलला. त्यांच्या मोटरचंही भलं झालं.

पण कॉम्प्रेसर हे पूर्ण कारण नव्हतं. त्याच लाइनवर दोन दुकानं सोडून झेरॉक्सवाल्याचा पीसी होता आणि तो कधीच बंद पडत नव्हता. झटका दोघांनाही बसत होता. मामांचा पीसी तो सोसू शकत नव्हता.

सॉकेट उघडलं तेव्हा

वायरमनला बोलावून, मेन स्विच बंद करून आम्ही मामांचा बोर्ड उघडला. यूपीएसचा प्लग ज्या सॉकेटमध्ये होता त्याचं न्यूट्रलचं, म्हणजे वीज परत जाते त्या वायरीचं, छिद्र बाहेरूनच पिवळट-तपकिरी पडलं होतं. मागची बाजू बघितली तर न्यूट्रलच्या स्क्रूखाली वायरीची तार अर्धीच अडकलेली, उरलेले पदर बाहेर पसरलेले आणि इन्सुलेशन बोटाच्या पेरभर काळं, कडक, नखानं खरवडलं की भुकटी होणारं. स्क्रू नुसत्या बोटानं फिरत होता. आतल्या पितळी पट्ट्या फाकल्या होत्या, त्यामुळं प्लग घातला तरी घट्ट बसत नव्हता. जळक्या बेकेलाइटचा तो वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही.

अशा ढिल्या जोडणीला थोडा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला अडथळा, असतो. करंट वाढला की तिथंच व्होल्टेज पडतं, तिथंच उष्णता होते, उष्णतेनं जोडणी आणखी ढिली होते. हे दिवसेंदिवस वाढत जातं. पीसीचं सोडा, आगीची सुरुवात अशाच ठिकाणी होते. सॉकेट गरम लागत असेल, प्लग काढताना चरचरत असेल, कडेला रंग बदलला असेल तर आजच वायरमन बोलवा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीसारख्या भागांत ज्यांच्या खालच्या मजल्यावर पाणी शिरलं होतं, त्यांनी तर जुने बोर्ड उघडून बघायलाच हवेत. वरून रंग दिलेला, प्लेट नवी, आणि आत पितळेवर हिरवट थर, असे बोर्ड मी बघितलेत. पाणी ओसरलं की वायरिंग वाळतं, पण गंज थांबत नाही.

बोर्ड उघडलाच आहे तर वायरमनकडून मल्टिमीटरनं तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन २३० च्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ हवीत. तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. इस्त्री किंवा गीझर चालू करून तिसरं माप परत घ्या. ते दहा-पंधराला गेलं तर न्यूट्रल कुठंतरी कच्चा आहे. एका खोलीतला दिवा भगभगतोय आणि दुसऱ्या खोलीतला मिणमिणतोय असं कधी दिसलं तर मात्र मापं घेत बसू नका, मेन बंद करा. थ्री फेज लाइनचा न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं आणि घरातलं सगळंच जळतं.

इथं एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते: "त्याच प्लगवर लॅपटॉप मस्त चालतो, मोबाइल चार्ज होतो, म्हणजे लाइट चांगली आहे." लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, लाइट अर्धा सेकंद गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. मोबाइलचा चार्जर बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतो आणि क्षणभर थांबला तरी फोन चालूच राहतो. या दोघांच्या साक्षीवर प्लगला निर्दोष सोडू नका. डेस्कटॉपला मात्र आधार फक्त एसएमपीएसमधल्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यातल्या, कपॅसिटरचा. कपॅसिटर म्हणजे क्षणभराची वीज साठवणारा पार्ट.

मिलिसेकंदांचा हिशोब

हा भाग नीट समजून घ्या, कारण "यूपीएस आहे तरी का बंद पडतो" याचं उत्तर इथं आहे.

आपण घरी वापरतो ते साधे यूपीएस सतत बॅटरीवर चालत नाहीत. लाइट चांगली असताना तीच पुढं देतात आणि बिघडली की रिले, म्हणजे आतला आपोआप वळणारा स्विच, टक् करून बॅटरीकडं वळतो. या वळण्याला काही मिलिसेकंद लागतात, साधारण दहापर्यंत. तेवढा वेळ पीसीला कुणीच वीज देत नाही. तो काळ एसएमपीएसनं स्वतःच्या साठ्यावर काढायचा असतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरेल असा बनवलेला असतो. म्हणजे दहा विरुद्ध सोळा, पीसी वाचतो. पण एसएमपीएस स्वस्तातला असेल, किंवा पाच-सात उन्हाळे बघून त्यातले कपॅसिटर वाळले असतील, तर सोळाचे आठ होतात. आणि झटक्याआधी व्होल्टेज मुळातच खाली असेल तर साठाही कमी भरलेला असतो. मग यूपीएस वळतोय तोवर पीसी गेलेला असतो.

मामांकडं तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. कॉम्प्रेसरचा झटका, ढिला न्यूट्रल आणि जुना एसएमपीएस. दुकानात झटकाही नाही, ढिला न्यूट्रलही नाही, म्हणून तिथं तोच एसएमपीएस सुरळीत चालायचा.

यूपीएस स्वतः तपासायला सोपा आहे. सगळं सेव्ह करा, पीसीवर जरा जड काम लावा आणि बोर्डचा स्विच बंद करा. प्लग उपटू नका, अर्थ जोडलेला राहू द्या. पीसी तत्क्षणी गेला तर दोष यूपीएसचा की एसएमपीएसचा हे ठरवायला यूपीएसवर पीसीऐवजी साध्या फिलामेंटचा शंभर वॅटचा बल्ब लावून तीच चाचणी करा. बल्ब जळत राहिला तर यूपीएस वळतोय, संशय एसएमपीएसवर. बल्बही विझला तर दोष यूपीएसचा, बहुतेक बॅटरी संपलेली. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी दोन-तीन वर्षंच नीट साथ देते. यूपीएसचा हिरवा दिवा चालू आहे याचा बॅटरी चांगली असण्याशी काही संबंध नाही. लाइट सतत जाणाऱ्या भागात ती त्याआधीच दमते. फुगलेली बॅटरी दिसली तर ती लगेच काढा आणि कचऱ्यात न टाकता बॅटरीवाल्याकडं परत द्या.

आणखी एक पेच. काही नव्या, चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे लाइनमधून करंट एकसारखा ओढणारं सर्किट, असतं. साधे यूपीएस बॅटरीवर गेले की पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देतात आणि त्यावर असे काही एसएमपीएस बिथरतात. महागाचा एसएमपीएस घातल्यापासून लाइट गेली की लगेच बंद पडतो, अशी तक्रार असेल तर एसएमपीएस परत करू नका, प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाइटसारखीच गुळगुळीत वेव्ह देणारा, यूपीएस घ्या. ज्यांचं कामच असं आहे की एक क्षणही चालणार नाही, त्यांनी ऑनलाइन यूपीएस घ्यावा. तो कायम बॅटरीच्या बाजूनंच वीज देतो, त्यामुळं वळण्याचा प्रश्नच येत नाही. घरगुती वापराला तो महाग पडतो आणि पंख्याचा आवाजही करतो.

एसएमपीएसचं लेबल वाचायला शिका

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्याकडं बघू नका. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळपास सगळी ताकद तिथूनच घेतात. तिथं १४ अँपिअर असतील तर १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॅट. हीच तुमची खरी पुंजी, ४५० नव्हे.

मुलांनी गेमसाठी ग्राफिक कार्ड टाकलं आणि तेव्हापासून गेम सुरू केला की रिस्टार्ट होतो, या तक्रारीचं उत्तर बहुतेक याच रकान्यात सापडतं. आरटीएक्स ३०६० सारखं कार्ड एकटंच १७० वॅट मागतं, आणि क्षणभर त्याहूनही जास्त. जे कार्ड वेगळी पॉवर केबल न लावता फक्त स्लॉटवर चालतं ते ७५ वॅटच्या आत राहतं. जुन्या पीसीत कार्ड टाकायचं तर आधी एसएमपीएस, मग कार्ड, हा क्रम बदलू नका. मामांना मी चांगल्या कंपनीचा ८० प्लस ब्राँझ, म्हणजे कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला, एसएमपीएस घ्यायला लावला. त्यांचा पीसी उद्या बदलला तरी तो पुढच्या पीसीत वापरता येईल. रॅम आणि एसएसडीवर जे गेलं ते त्याआधी इथं लागलं असतं तर दोन महिने वाचले असते.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. २३० व्होल्ट एसीचे आत सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतात आणि ते मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात

ही तक्रार वेगळी वाटते, पण मूळ घरच्या वायरिंगमध्येच आहे. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीकडं दोन छोटे कपॅसिटर असतात, इलेक्ट्रिक गोंगाट अर्थमध्ये सोडण्यासाठी. अर्थच नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि तिच्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, शंभर-सव्वाशे, येतं. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण यूएसबीचा प्रिंटर, स्पीकर, कॅमेरा जोडताना तोच करंट त्यांच्यातून वाट काढतो आणि पोर्ट मरतात.

मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट दिसतं पण मागं अर्थची वायरच नसते, हे मी कितीदा तरी पाहिलंय. काही ठिकाणी थ्री-पिन प्लगला टू-पिनचा जोड लावून काम चालवलेलं असतं. ती वरची जाड पिन इतर दोघींपेक्षा मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. तिला डावलू नका. अर्थिंगचा खड्डा असेल तर एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालत जा. माती वाळली की अर्थिंग कमजोर होतं.

उष्णतेची खूण वेगळी

झटक्यानं बंद पडणाऱ्या पीसीला वेळकाळ नसतो. उष्णतेनं बंद पडणारा चालू केल्यावर ठराविक वेळानंच बंद पडतो, जड कामात लवकर पडतो, आणि लगेच चालू केला तर दुसऱ्यांदा आणखी लवकर पडतो. बंद पडायच्या आधी पंखा जोरात घोंघावतो आणि काम मंदावतं, कारण प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर स्वतःला बंद करतो. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून तापमान बघा.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा कारखान्यांच्या भागांतल्या पीसीतली धूळ घरच्या धुळीसारखी नसते. ग्राइंडिंगच्या जागी ती काळसर, जड असते आणि चुंबक फिरवला की त्याला चिकटते. लोखंडाचा तो चुरा मदरबोर्डवर बसला तर दमट हवेत चिपच्या दोन पायांमध्ये शॉर्टही करू शकतो. अशा ठिकाणी कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका आणि दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग जातं. तीन-चार वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट नवी लावून घ्या. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते.

टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला पीसीही असाच तापतो. मागची फळी काढून टाका.

उरलेलं थोडक्यात

रॅम काढून तिचे सोनेरी पट्टे पांढऱ्या खोडरबरानं हलके पुसा आणि टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा. पावसाळ्यात चालू होतो पण डिस्प्ले येत नाही या तक्रारीवर निम्म्या वेळा एवढंच पुरतं. तारीख-वेळ दर वेळी मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. मदरबोर्डवरच्या नळकांडी कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर मात्र बोर्ड दुरुस्तीवाल्याकडं न्यावाच लागेल. आणि कॅबिनेटचं रिसेट बटण दाबलेलं अडकून राहतं, हेही होतं. मदरबोर्डवरून त्याची दोन पिनांची वायर काढून दोन दिवस चालवून बघा, खर्च काही नाही.

विंडोज परत टाकायचा विचार बगचेककोड शून्य नसेल तरच करा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळं बदलायचंच असेल तर ते त्या कारणानं बदला, रिस्टार्टच्या औषधासाठी नको.

मामांच्या बोर्डला नवं सॉकेट बसलं, मीटरपासून पीसीसाठी वेगळी लाइन ओढली, एसएमपीएस आणि यूपीएसची बॅटरी बदलली. प्रत्येक बदलानंतर आठवडाभर थांबून वहीत किती नोंदी होतात ते बघितलं. घाईत चारही गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर कशानं काय झालं हे कळलंच नसतं. न्यूट्रल घट्ट केल्यावर आठवड्याच्या नऊ-दहा नोंदींच्या चार झाल्या. शेजारचा व्हॉल्व्ह बदलला तेव्हा दोन. एसएमपीएस बदलल्यावर एक आठवडा कोरा गेला, मग पुढचाही. बॅटरी सर्वात शेवटी बदलली, कारण ती लाइट पूर्ण गेल्यावर तीन मिनिटंही टिकत नव्हती.

तुम्ही पीसी दुरुस्तीला नेणार असाल तर एकटा पीसी नेऊ नका. घरचा यूपीएस, घरची पॉवर केबल आणि घरचं एक्स्टेंशन सोबत न्या आणि दुकानदाराला त्यावरच चालवायला सांगा. यूपीएस ज्या बोर्डला लावलाय त्या बोर्डचा स्विच दहा वेळा बंद-चालू करून दाखवायला सांगा. तिथं बंद पडला तर दोष पीसीत किंवा सोबत आणलेल्या सामानात आहे. दहाच्या दहा वेळा टिकला तर पैसे खर्च न करता पीसी उचला, घरी या आणि वायरमनला फोन लावा.